पावसात चॉपिंग बोर्ड काळा पडला, वाकला, वास मारतोय: टाकून द्यायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विक्रोळीतल्या एका घरात गेल्या दिवाळीत बाभळीच्या लाकडाचा जाड चॉपिंग बोर्ड घेतला. मेपर्यंत उत्तम चालला. जुलै लागला आणि खालच्या बाजूला काळे-हिरवट ठिपके उमटले, कांद्या-लसणाचा वास जाईना, ओट्यावर ठेवला की डुगडुगायला लागला. घरात बुधवार, शुक्रवार, रविवार मासे किंवा चिकन असतं. आई म्हणते, फेक तो आणि प्लास्टिकचा आण. फेकायचा का? आणि ठेवायचा तर त्याची निगा कशी राखायची?

फेकू नका. मी बावीस वर्षं गोरेगावला लाकडी भांड्यांचं काम करतोय. पोळपाट, लाटणी, काथवटी आधीपासून करत होतो, गेली दहाएक वर्षं मुख्यतः चॉपिंग बोर्ड करतो आणि लोकांचे जुने बोर्ड दुरुस्तही करतो. गणपतीच्या आसपास दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक बोर्डांची तक्रार अगदी तुमच्यासारखीच असते. कारणही बहुधा एकच निघतं. बोर्ड धुतलेला असतो, चांगला घासूनपुसून धुतलेला असतो, पण वाळलेला नसतो. मुंबईत लाकडाचा शत्रू घाण नाही, ओल आहे.

आपल्या घरांत ही निगा परंपरेनं आलेली नाही, हेही खरं आहे. आजीच्या काळी विळी होती. तिचा पाट लाकडाचाच, पण भाजी चिरली जायची पात्यावर. रस ताटात पडायचा, पाट बहुतेक कोरडा राहायचा आणि काम झालं की विळी भिंतीला टेकून उभी. उभ्याच्या ओट्याबरोबर सुरी आणि बोर्ड आले, आणि टोमॅटोपासून कोंबडीपर्यंत सगळ्याचा रस थेट लाकडावर सांडायला लागला. पोळपाटाची रीत मात्र आपल्याला पक्की ठाऊक आहे: चिकटलेलं पीठ खरवडायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, उभा करून ठेवायचा. पोळपाट कुणी रात्रभर सिंकमध्ये भिजत टाकत नाही. बोर्डही नातेवाईक त्याचाच आहे.

आता तो डुगडुगतो का, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी वर चढायचं. झाड कापलं तरी पाणी ओढायची सवय सुटत नाही. हवेत दमटपणा वाढला की लाकूड फुगतं, कोरडं पडलं की आक्रसतं. लांबीत हा फरक जवळजवळ नसतो, रुंदीत बराच असतो. तुम्ही बोर्ड धुऊन ओट्यावर आडवा ठेवता. वरची बाजू पंख्यानं तासाभरात सुकते, खालची ग्रॅनाइटला चिकटून ओलीच राहते. खालची बाजू फुगते, वरची नाही. मग मधला भाग खाली पोटासारखा फुगतो, कडा वर उचलल्या जातात आणि बोर्ड पोटावर डुलतो. त्याच बंद, ओल्या, अंधाऱ्या जागेत बुरशी धरते. तुमची डुगडुग आणि तुमचे ठिपके हे दोन आजार नाहीत, एकच आहे.

बुरशी आधी काढू. ब्रश कोरडाच मारू नका, बारीक बीजं घरभर उडतात. आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्या, मग कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि काथ्या घेऊन लाकडाच्या रेषांच्या दिशेनं घासा. नंतर केमिस्टकडे हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं ते आणा. आपल्याकडे बहुधा ६ टक्क्यांची बाटली असते, त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के होतं. ते डागांवर फडक्यानं लावा, दहा मिनिटं ठेवा, धुऊन टाका. बुरशी मरेल. काळपट छटा थोडी राहील, ती लाकडाच्या आत गेलेली असते आणि पॉलिश पेपरशिवाय निघत नाही. ते काम आत्ता करू नका, त्याचं पुढे सांगतो.

एक खात्री मात्र करून घ्या. बाभळीत टॅनिन भरपूर असतं. चामडं कमावायला तिची साल वापरतात ती याचमुळे. या टॅनिनला ओलं लोखंड लागलं की शाईसारखा काळा डाग पडतो. बिडाचा तवा, लोखंडी सुरी किंवा डब्याची गंजलेली कड ओल्या बोर्डावर राहिली असेल तर डागाला त्या वस्तूचा आकार असतो, लव नसते, वासही नसतो. ती बुरशी नव्हे. अर्धं लिंबू चोळलं की तो डाग बऱ्यापैकी फिकटतो. तुम्ही हिरवट ठिपके म्हणताय, तेव्हा तुमची बुरशीच आहे. पण वरच्या बाजूला लांबट काळा पट्टा असेल तर तो सुरीचा.

आता वाक. तुमच्या बोर्डाचं पोट खालच्या बाजूला आहे, म्हणजे वरची बाजू खोलगट झाली आहे. ती खोलगट बाजू खाली करून बोर्ड ओलसर पंचावर ठेवा. पंचा घट्ट पिळलेला हवा. वर पाण्यानं भरलेला पाच लिटरचा कुकर ठेवा. रात्रभरात खोलगट बाजू ओल घेऊन फुगते आणि वरची, आजवर ओली राहिलेली बाजू मोकळ्या हवेत वाळते. सकाळी पंचा काढा आणि बोर्ड लगेच उभा करून पंख्याखाली ठेवा. दोन-तीन मिलीमीटरचा वाक एक-दोन रात्रींत बहुधा जातो. त्याहून जास्त असेल तर घाई न करता तीन-चार रात्री हेच करा, मात्र दर रात्रीनंतर दिवसभर उभं वाळवणं चुकवू नका. पट्ट्या जोडून केलेला बोर्ड असेल आणि सांध्यात नख शिरत असेल तर हा उपाय करू नका, आधी सुताराकडून सांधा परत बसवून घ्या. त्याला वॉटरप्रूफ प्रकारचा गोंद वापरायला सांगा. फर्निचरचा साधा पांढरा गोंद रोजच्या पाण्यात टिकत नाही.

बोर्ड वाळला की नाही हे हाताला कळत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. मी वजनकाट्यावर बघतो. तुमच्याकडे पीठ-साखर मोजायचा डिजिटल काटा असेल तर रोज एकाच वेळी बोर्डाचं वजन करा. पहिले दोन-तीन दिवस आकडा उतरत जाईल. लागोपाठ दोन दिवस तो हलला नाही की समजा, या हवेत जितका वाळायचा तितका वाळला. तोवर तेल लावायचं नाही. ओल्या लाकडावर तेल लावलं तर आतली ओल आतच कोंडते आणि बुरशी पुन्हा येते. लोक नेमकं हेच करतात. ठिपके दिसले की घाबरून धुतात आणि लगेच तेल चोपडतात.

इथून पुढे रोजचं धुणं. भाजी-फळं चिरली असतील तर ओला फडका किंवा थेंबभर साबण पुरे. मासे, चिकन किंवा अंडं असेल तर आधी गार पाण्यानं धुवा. थेट गरम पाणी घातलं तर त्यातली प्रथिनं लाकडाच्या छिद्रांत शिजून बसतात आणि वास तिथूनच येत राहतो. गार पाण्यानंतर कोमट पाणी, साबण, काथ्या. तारेची घासणी नको, ती रेषा उसकटते. दोन्ही बाजू भिजवा, एकच नाही. खालची बाजू वापरली नाही म्हणून ती कोरडी ठेवणं हीसुद्धा वाक आणायची पद्धत आहे. मग कोरड्या पंचानं दोन्ही बाजू आणि चारही कडा पुसा.

मग उभा करा. कुठली कड खाली ठेवायची, याला महत्त्व आहे. बोर्डाच्या दोन कडांना नळ्यांची कापलेली तोंडं दिसतात, बारीक छिद्रांसारखी. त्या कडेनं लाकूड बाकी अंगापेक्षा कितीतरी जोरात पाणी पितं. ती कड ओल्या ओट्यावर टेकवली तर निथळलेलं पाणी पुन्हा वर चढतं. लांब रेषा दिसतात ती कड खाली ठेवा, तिच्याखाली दोन बारीक पट्ट्या किंवा भांड्यांच्या स्टँडचे दांडे असू द्या, आणि भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवा. टाइल्सला चिकटवून उभा केलात तर मागची बाजू ओलीच राहणार. सिंकखालचं कपाट तर पावसाळ्यात बोर्डासाठी सगळ्यात वाईट जागा. खिडकीजवळ भिंतीला खिळा ठोकून टांगता आला तर उत्तमच. मुंबईच्या छोट्या स्वयंपाकघरात ओट्यावर जागा नसते, भिंत असते.

डिशवॉशरमध्ये बोर्ड घालायचा नाही. भिजत ठेवायचा नाही. पावसाचे दिवस उघडले की उन्हं दाखवायची ती सकाळची, कोवळी, प्रत्येक बाजूला वीस-पंचवीस मिनिटं. मेमध्ये दुपारी गॅलरीत ठेवलेला बोर्ड मला तडकून आलेला आहे, आणि तो शिसवीचा होता. गॅसच्या शेगडीशेजारी ठेवूनही तसंच होतं.

आईंच्या प्लास्टिकच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो मुद्दा आरोग्याचा आहे आणि गांभीर्यानं घ्यायला हवा. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडी आणि प्लास्टिकच्या बोर्डांवर जिवाणू सोडून तपासणी केली. त्यांच्या निष्कर्षांचा गाभा असा: नवा प्लास्टिकचा बोर्ड सहज स्वच्छ होतो, पण सुरीच्या चरांनी भरलेला जुना प्लास्टिकचा बोर्ड हातानं धुऊन नीट स्वच्छ होणं अवघड. लाकडावर जिवाणू पृष्ठभागाच्या आत ओढले जातात, तिथे वाढत नाहीत आणि हळूहळू मरतात. याचा अर्थ लाकूड धुवायची गरज नाही असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की प्लास्टिक आणलं म्हणजे आपण सुरक्षित झालो, असं होत नाही.

खरा धोका वेगळाच आहे: चिकन कापलेल्या बोर्डावर तसाच कोशिंबिरीचा काकडी-टोमॅटो चिरणं. चिकन शिजणार असतं, काकडी शिजणार नसते. म्हणून तुमच्या घरी दोन बोर्ड हवेतच. मासळी-मटणाचा वेगळा, भाजी-फळांचा वेगळा. दोन्हींना वेगळ्या रंगाची दोरी बांधा, म्हणजे घाईतही चूक होणार नाही. मासळीच्या बोर्डासाठी आईंचं ऐकून प्लास्टिकचा आणलात तरी माझी हरकत नाही, मात्र चर पडले की तो बदलायचा. लाकडीच ठेवलात तर अधूनमधून, विशेषतः चिकननंतर, चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा म्हणजे साधारण १५ मिली बिनवासाचं क्लोरीन ब्लीच घालून ते पाणी बोर्डावर पसरवा, काही मिनिटं ठेवा, स्वच्छ धुवा, पुसा, उभा करा. हे पाणी लिंबू किंवा व्हिनेगरबरोबर कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद स्वयंपाकघरात तो घातक आहे.

वासासाठी लिंबू आणि जाडं मीठ. मीठ पसरायचं, अर्ध्या लिंबाच्या फोडीनं चोळायचं, पाच मिनिटांनी धुवायचं. मासळीच्या वासावर लिंबू चालतं, कारण तो वास आणणारे पदार्थ अल्कली गुणाचे असतात आणि आंबटानं ते शमतात. कोकम लावू नका, लाल रंग चढेल. कांदा-लसणाला खाण्याच्या सोड्याचा जाडसर लेप दहा मिनिटं लावून ठेवा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस आणायची पद्धत दिसायला छान आहे, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हातात जवळपास खारट पाणीच उरतं. वेगवेगळे वापरा.

हळदीच्या डागाला साबण-सोड्यानं घासत बसू नका, अल्कली लागली की हळद लाल होते आणि डाग आणखी उठून दिसतो. हळदीचा रंग उन्हात उडतो. सकाळच्या उन्हात तीन-चार दिवस दाखवा, जाईल. फणस किंवा केळफूल चिरायचं असेल तर आधी बोर्डाला आणि सुरीला तेलाचा हात फिरवा. चीक पाण्यानं निघत नाही, उलट पसरून काळा पडतो. लागलाच तर तेलाच्या फडक्यानं पुसा आणि मगच साबण लावा.

आता तेल. सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले याच विषयात ऐकतो. तेल जंतू मारत नाही, बोर्ड स्वच्छही करत नाही. ते नळ्यांची तोंडं बुजवतं, म्हणजे पाणी आत शिरायला वेळ लागतो. तेवढंच त्याचं काम.

घरात असतं म्हणून लोक शेंगदाणा, सूर्यफूल किंवा मोहरीचं तेल लावतात. ही तेलं लाकडात वाळत नाहीत, हवेनं खवट होतात. चिकट, पिवळट थर धरतो आणि त्यावर धूळ बसते. खोबरेलाची बाजू थोडी बरी आहे, ते हवेनं लवकर बिघडत नाही. पण ओलीत त्याला साबणासारखा वास येऊ लागतो, आणि सुरीच्या चरांत साचलेलं खोबरेल जुलैमध्ये मला नाकानं ओळखता येतं. रोज वापरात असलेल्या पोळपाटाला वर्षातून दोनदा खोबरेलाचा हात लावलात तर चालेल. चॉपिंग बोर्डाला नको. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल तर अजिबात नको. त्यात ते लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार मिसळलेले असतात, ते दरवाज्याला ठीक, अन्नाखाली नाही.

लावायचं ते लिक्विड पॅराफिन, बाटलीवर ‘आयपी’ (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधाच्या दर्जाचं) लिहिलेलं, केमिस्टकडचं. पोट साफ व्हायच्या औषधासाठी वापरतात तेच, पण दुसरं काही न मिसळलेलं, बिनवासाचं, बिनरंगाचं. ते कधीच खवट होत नाही. बाटली दहा मिनिटं गरम पाण्यात उभी करा, म्हणजे तेल पातळ होऊन आत जातं. ठणठणीत वाळलेल्या बोर्डावर प्रत्येक बाजूला दोन मोठे चमचे ओता, हातानं चोळा. छिद्रांच्या दोन कडांना दुपटीनं लावा, त्या पितात. रात्रभर उभा ठेवा, सकाळी वरचं उरलेलं पुसून घ्या. नव्या किंवा कोरड्या पडलेल्या बोर्डाला लागोपाठ तीन रात्री, पुढे महिन्यातून एकदा. कधी लावायचं हे कॅलेंडरपेक्षा पाण्याचा थेंब चांगलं सांगतो. कोरड्या बोर्डावर थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर थांबा. मिनिटाभरात पसरून लाकूड काळसर झालं तर तेलाची वेळ झाली.

पावसाळ्यासाठी याहून टिकाऊ हवं असेल तर मेण. चार भाग लिक्विड पॅराफिन, एक भाग शुद्ध मधमाशीचं मेण, वजनानं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट गॅसवर नाही. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, फार तापवायची गरजच नसते. गार झाल्यावर मलमासारखं होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, तेल मुरलेल्या बोर्डावर हे पातळ लावा आणि तासाभरानं सुती फडक्यानं चमकवा. दसऱ्यानंतर पुन्हा एकदा. माझ्या स्वतःच्या घरचा बोर्ड या दोन वेळांवर अकरा वर्षं चालला आहे.

पॉलिश पेपरचं घासकाम आत्ता करू नका, असं म्हणालो ते यासाठी की आत्ता लाकूड फुगलेलं आहे; ते ऑक्टोबरपर्यंत थांबवा. आज सपाट केलेला बोर्ड हिवाळ्यात आक्रसला की पुन्हा वाकडा दिसेल. मी स्वतः खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की दुसऱ्या आठवड्यापासून हे काम हातात घेतो. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात बोर्ड छान वाळतात. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०. तोंडाला मास्क लावा, लाकडाची भुकटी छातीत जाऊ देऊ नका. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, नुसत्या बोटांनी घासलं तर खड्डे पडतात. शेवटच्या पेपरआधी बोर्ड ओल्या फडक्यानं पुसा आणि वाळू द्या. बारीक तंतू उभे राहतील, तेव्हा २२० चा हात फिरवा. हे नाही केलंत तर पहिल्या धुण्यालाच बोर्ड खरखरीत होईल.

आणि हो, बोर्ड टाकायचीही वेळ असते. नखानं दाबलं तर लाकूड मऊ लागतंय, चीर आरपार गेली आहे, किंवा खाली टाल्कम पावडरीसारखी बारीक भुकटी पडते आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात, तर तो ठेवू नका. शेवटची खूण लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची आहे. अन्नाच्या बोर्डावर कीटकनाशक मारता येत नाही, आणि घरातल्या बाकी लाकडालाही तो लागू शकतो. आंब्याच्या आणि रबरवुडच्या स्वस्त बोर्डांत हे जास्त दिसतं. तुमचा बाभळीचा आहे, गाभ्याच्या गडद लाकडाचा असेल तर ही भीती कमी.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा: बुरशी काढा, वाक जाईपर्यंत रात्री कुकरखाली ठेवा, वजन थांबेपर्यंत वाळवा, मग तेल. त्यानंतर तो फक्त भाजीसाठी वापरा आणि मासळीला दुसरा बोर्ड आणा. दसऱ्यानंतर घासायला घ्याल तेव्हा काळी छटा ८० च्या पेपरनं निघतेय का बघा. मिलीमीटरभर घासूनही राहिली आणि तिथे लाकूड टणक असेल, तर ती नुसता डाग आहे, तिला तशीच राहू द्या.